तिसऱ्या मजल्यावरची मुकी आजी

रविवार होता. सुतक फिटल्यावर घरात पहिल्यांदाच मासे आले होते. दमयंती स्वयंपाकघरात विळी घेऊन बांगडे साफ करत होती. थोरली ऋतिका, बारावीतली, ओट्याला टेकून पुस्तक वाचल्यासारखं करत होती. धाकटी सानवी नुकती पहिलीत गेलेली. ती आईसमोर उकिडवी बसून परातीत टक लावून बघत होती. बराच वेळ बघितलं आणि मग घोगऱ्या, दबक्या, घशातल्या घशात घासून निघालेल्या आवाजात ती म्हणाली,

"बांगडं ताजं नाय गो. कल्ला बग वायच. पांढरा पडलाय."

दमयंतीचा हात विळीवरच थांबला. ऋतिकाने पुस्तक खाली ठेवलं. तो आवाज सहा वर्षांच्या पोरीचा नव्हताच मुळी. तो आवाज बाहेरच्या खोलीत चंदनाचा हार घालून भिंतीवर टांगलेल्या बाईचा होता. चिमाआजीचा. आजीला जाऊन महिना झाला नव्हता. आणि बांगडे खरंच शिळे होते, हे आणखी वर.

ह्या चिमाआजीबद्दल आधी सांगायला हवं, कारण ह्या घरात तिच्याबद्दल कोणी काही सांगत नसे. ती विनीतची आई. सगळं आयुष्य गुहागरच्या खालच्या अंगाला एका वाडीत, आगरात सुपारी वेचण्यात आणि सोलण्यात गेलं. नवरा बोटीवर खलाशी, तो लवकर गेला. एका पोराला तिने एकटीने वाढवलं, शिकायला रत्नागिरीला पाठवलं, आणि तो तिथेच नोकरीला लागला, तिथेच त्याने फ्लॅट घेतला. तीन वर्षांपूर्वी आजी पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा विनीत तिला इथे घेऊन आला. चांगला मुलगा होता हो. आईचं दूध, औषध, गादी, कशात कमी केलं नाही. फक्त तिचं तोंड बंद केलं.

त्याचं असं झालं. सानवीला नावाजलेल्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं. मुलाखतीला आईबाप दोघं गेले, सानवी मधे बसली. तिथल्या बाईंनी पोरीला सफरचंदाचं चित्र दाखवून विचारलं हे काय, आणि पोर मोकळेपणाने सांगू लागली, आजीकडून शिकलेल्या शब्दांत, आजीच्या हेलात. बाई हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या की घरात फक्त इंग्रजी बोला, फार तर शुद्ध मराठी, पण हे असलं कानावर पडता कामा नये, मुलांचा गोंधळ होतो. विनीतला घाम फुटला. पंचवीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या पहिल्या दिवशी तो उभा राहून "मी गुवागरकडचा हाय" म्हणाला होता आणि अख्खा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून त्याने आपली बोली अशी गिळली, की बायकोनेही लग्नानंतर ती कधी ऐकली नाही. दमयंती दादरची, तिला वाटे नवरा पहिल्यापासून असाच छापील बोलतो.

त्या संध्याकाळी विनीत आईच्या पलंगापाशी बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, सानवीशी बोलत जाऊ नकोस. तिची भाषा बिघडते. तिच्या भविष्याचा प्रश्न आहे."

आजीने मान हलवली. पोराचं भलं होतंय म्हटल्यावर तिने आयुष्यात कशाला नाही म्हटलं नव्हतं. पण नातीशी बोलायचं नाही, सुनेला धड कळत नाही, मुलाला ऐकवत नाही, मग बोलायचं कोणाशी? ती गप्प झाली ती गप्पच झाली. पाहुणे आले की दमयंती हसून सांगे, आईंना बोलायला जरा त्रास होतो. ऋतिकाच्या मैत्रिणी आल्या तेव्हा तीही तेच म्हणाली, आणि पुढे पुढे बिल्डिंगमध्ये नावच पडलं, तिसऱ्या मजल्यावरची मुकी आजी. आजी गेली तेव्हा समोरच्या ब्लॉकमधल्या नलूकाकू डोळ्याला पदर लावून म्हणाल्या होत्या की बिचारीला शेवटपर्यंत एक शब्द बोलता आला नाही. विनीतने ते ऐकलं. दमयंतीने ऐकलं. कोणी काही बोललं नाही.

आणि दहाव्याला कावळा शिवला नाही.

भाट्याच्या किनाऱ्यावर पिंड ठेवून सगळे दूर उभे राहिले. सुरूच्या झाडांवर कावळे भरपूर, पण एक खाली उतरेना. गावाहून आलेला बाबूकाका, म्हणजे विनीतचा चुलत भाऊ, म्हणाला की काकीची काहीतरी इच्छा राहिली, कबूल कर काय ते. विनीत पुढे झाला. हात जोडून त्याने अगदी शुद्ध भाषेत वचन दिलं की तुझी जी काही इच्छा अपूर्ण राहिली असेल ती मी पूर्ण करीन. घरावरचा तिचा हक्क, देवाचं देणं, नातींची लग्नं, आठवेल ते सगळं बोलून झालं. कावळे फांदीवरच बसून राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि मंडळी मान खाली घालून परतली. ऋतिकाच्या मनात मात्र त्या फांदीवरचे कावळे राहिले. कॉलेजात, क्लासमध्ये, जेवताना, मधेच कधीही ते आठवत.

आता तुम्हीच सांगा, अशा घरात पोर मेलेल्या आजीच्या आवाजात बोलू लागली तर लोक काय समजणार?

तो रविवार गेला. मग सोमवारी विनीत कामावरून आला तर सानवी दाराशी उभी. "आलास काय रं? बस वायच, पानी पी," असं त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली. विनीतच्या हातातली पिशवी गळाली. त्याची आई त्याला शाळेतून आल्यावर हेच म्हणायची, ह्याच शब्दांत. त्याने खेकसून विचारलं, कोण बोललं हे? पोर घाबरली. तिने ओठ घट्ट मिटले आणि मग शाळेत शिकवल्याप्रमाणे हात वर करून म्हणाली, मे आय गो, पप्पा? त्या शाळेत पाणी प्यायलासुद्धा हात वर करून मे आय म्हणावं लागे. पुढे हे रोजचंच झालं. उशीखाली विळा ठेवला, दाराला लिंबू बांधलं. दमयंती, ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी बाई, पोरीवरून मीठमोहऱ्या ओवाळू लागली. बाबूकाकाला फोन गेला. तो म्हणाला, काकी गेलीच नाय, पोरीला धरून ऱ्हायलीय, भागोजीला दाखवा. भागोजी म्हणजे त्यांच्या वाडीतला भगत. येत्या शनिवारी जायचं ठरलं.

ऋतिकालाही आधी भीती वाटली, खोटं कशाला सांगा? बहीण शेजारी बसली की तिच्या अंगावर काटा येई. पण बुधवारी दुपारी क्लास लवकर सुटला. तिने लॅचला चावी लावली आणि आतून येणारी कुजबुज एकदम थांबली. जिन्यावर ती तशीच उभी राहिली. चावी फिरवली की कुजबुज थांबते. हे तिने पूर्वी ऐकलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा. आजी जिवंत असताना, दुपारच्या वेळी. तेव्हा ती टीव्ही असेल म्हणून पुढे जायची. टीव्ही बंद असायचा, तरी पुढे जायची.

आत आली तर मागच्या गॅलरीत दोरीवर आजीचं हिरवं नऊवारी लुगडं वाळत होतं. दमयंतीने ते बोहारणीला द्यायला धुऊन ठेवलं होतं. लुगड्याच्या मागे, भिंत आणि कापडाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, सानवी एकटी बसली होती. आजीही तिथेच बसायची, उन्हाला म्हणून. आईबाप कामावर, ऋतिका कॉलेजात, सानवी बाराला शाळेतून यायची. आजी होती तोवर रोजची अख्खी दुपार घरात दोघीच; आता नलूकाकू अधूनमधून डोकावून जात.

ऋतिकाने जाऊन दाराला आतून कडी लावली आणि लुगड्यामागे शिरून बहिणीला चिकटून बसली. कोणी शिकवलं तुला असं बोलायला, असं तिने हळूच विचारलं. सानवीने दाराकडे बघितलं. कडी लागलेली बघितली. मग बहिणीच्या कानाशी तोंड नेऊन ती कुजबुजली,

"आजी बोलली, दार वाजलं की गप ऱ्हायाचं. नायतर पप्पा आजीला वरडतील."

सगळा उलगडा झाला. तो घोगरा आवाज भुताचा नव्हता. पोरीला कळायला लागल्यापासून तिने ही भाषा कुजबुजीतच ऐकली होती, म्हणून तिला ती कुजबुजीतच बोलता येत होती. मोठ्या आवाजात बोलायची असते हे तिला ठाऊकच नव्हतं. दोन-अडीच वर्षं एक म्हातारी आणि एक पोर स्वतःच्या घरात चोरासारखं बोलत होत्या. आगरातल्या गोष्टी, माशांची नावं, आजोबांची बोट, सगळं त्या लुगड्यामागे. आणि आजी गेल्यावर पोरीने आजीशी बोलणं सोडलं नव्हतं, एवढंच. आता ओरडा खायला आजी नव्हती, म्हणून ते मधेच सगळ्यांसमोरही तोंडून निघे. ऋतिका तिथे बसून पोटभर रडली. सानवीने लुगड्याच्या पदराने तिचं नाक पुसलं.

संध्याकाळी ऋतिकाने हे बापाला सांगितलं. विनीतने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. शक्य नाही, म्हणाला, आईने मला शब्द दिला होता, ती शब्द मोडणारी नव्हती. पोरीचा चेहरा बघ, हे काहीतरी वेगळं आहे. ऋतिकाने पुन्हा सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. तो उठून बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला. माणसाचं असंच असतं. आई भूत होऊन परत आली हे सोसायला सोपं, कारण भूत उतरवता येतं. आपण आईला जिवंतपणी मुकी केली, ते कुठल्या भगताकडून उतरवून घेणार?

शनिवारी जयगडहून फेरीबोटीने पलीकडे तवसाळला उतरून गाडी वाडीत गेली. वाटेत सानवी खिडकीला नाक लावून माडांच्या झावळ्या बघत होती. आजीने सांगितलेलं सगळं तिला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या वाडीतल्या बायका एकमेकींशी बोलताना तिने ऐकल्या आणि तिचा चेहरा असा उजळला, की ऋतिकाला ते बघवेना. उघड्यावर, मोठमोठ्याने, हसत, बायका आजीसारख्या बोलत होत्या. सानवीने धावत जाऊन एकीचा पदर धरला आणि विचारलं, "तुमी गप नाय ऱ्हायत?" त्या बाईने दचकून पदर सोडवून घेतला. पोरीला लागलेलं आपल्याला लागायला नको म्हणून.

भागोजीच्या घरापुढच्या खळ्यात वाडी जमली होती. भागोजी सत्तरीचा, काटकुळा, खोकणारा. माणूस वाईट नव्हता. लोक विश्वासाने आणतात म्हणून तो बघे, एवढंच. त्याने सानवीला पाटावर बसवलं, समोर निखाऱ्यांची परात ठेवली, त्यात सुक्या मिरच्या टाकल्या. हातात निरगुडीचा ओला फोक घेतला. ठसक्याने सगळ्यांचे डोळे भरून आले. पोर खोकून खोकून लाल झाली.

"कोण तू? नाव सांग. कनाला धरलंस पोरीला?"

सानवी खोकत म्हणाली की ती सानू आहे. कुजबुजली, त्या आवाजात. गर्दी मागे सरकली. भागोजीने फोक उचलून पाटावर आपटला आणि पुन्हा नाव विचारलं. पोरीने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी फोक तिच्या पाठीवर बसला. ती रडलीसुद्धा नाही. तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं आणि बापाकडे बघितलं, दार वाजल्यावर बघायची तसं.

ऋतिका कशी उठली ते तिचं तिला कळलं नाही. ती पाटासमोर जाऊन उभी राहिली. वक्तृत्वाच्या स्पर्धा गाजवणारी मुलगी, इंग्रजीत, मराठीत, हिंदीत बोलणारी, पण जी भाषा हवी होती ती तिला धड येत नव्हती. आजीने तिला लहानपणी सुट्टीत शिकवलेली, नंतर तिने स्वतःच टाकून दिलेली. अडखळत, चुकत, तिने ती उचलली.

"माज्या बी अंगात हाय मग ती. माला मारा आदी." मग बापाकडे हात केला. "त्यांच्या बी अंगात हाय. त्यांनी गिळून टाकलीय, पन हाय. त्यांला मारा."

बाबूकाकाने मोठ्यांच्या मधे बोलू नको म्हणून तिला गप्प करायला बघितलं. ती गप्प झाली नाही. तिने भागोजीकडे तोंड वळवलं.

"आजोबा, तुमी तिला कंच्या भाषेत इचारलंत? ती आजीचीच भाषा नाय? तुमच्या अंगात कोन हाय मग? हिते समद्यांच्या अंगात कोन हाय?"

निखाऱ्यावर मिरच्या तडतडत होत्या तेवढंच ऐकू येत होतं. भागोजीने हातातल्या फोकाकडे बघितलं, जसा तो दुसऱ्याच कोणी हातात दिला होता. मग तो हळूच खाली ठेवला. पहिल्यांदा हलली ती दमयंती. पोरीला इंग्रजीत झोपवणारी, इंग्रजीत उठवणारी, नियम सगळ्यांत कडक पाळणारी दमयंती. तिने कोपऱ्यातली कळशी उचलली, निखाऱ्यांवर पालथी केली आणि धुरातून पोरीला उचलून छातीशी धरलं. विनीत पाटाशी गुडघ्यांवर बसला होता. तो काहीतरी बोलू बघत होता. ओठ हलत होते, पण त्याची आई ज्या भाषेत होती ती भाषा त्याच्या तोंडी येईना. पंचवीस वर्षं गिळलेलं असं मागता क्षणी वर येत नाही. शेवटी फक्त "आये" एवढाच शब्द निघाला. तो शब्द दहाव्याला किनाऱ्यावर निघायला हवा होता, असं ऋतिकाला वाटून गेलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सानवी त्या दिवसापासून बोलेनाशी झाली.

कुजबुजतही नव्हती. इंग्रजी नाही, मराठी नाही, काही नाही. खायला घातलं की खाई, शाळेत पाठवलं की जाई. शाळेच्या डायरीत शेरा आला की सानवीची वर्तणूक फारच सुधारली आहे, अगदी शांत बसते. दमयंतीने तो शेरा वाचला, डायरी मिटली आणि विनीतला घेऊन पोरीला डॉक्टरकडे निघाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवरचा वळ बघितला, दोघांना चार शब्द सुनावले आणि सांगितलं, तिला विचारू नका, तिच्याशी बोलत राहा, तिला जी भाषा आपली वाटते त्या भाषेत.

मग विनीत कामावरून आला की शर्टसुद्धा न बदलता गॅलरीत जाऊन बसू लागला. हिरवं लुगडं दमयंतीने पुन्हा दोरीवर घातलं होतं. बोहारणीला ते आता जाणार नव्हतं. लुगड्यामागे पोर गुडघ्यात मान घालून बसे आणि बाप शेजारी. सुरुवातीला त्याला एक वाक्य धड जमत नसे. मग हळूहळू आगर वर आलं, विहीर आली, आईने सुपारी सोलता सोलता सांगितलेल्या गोष्टी आल्या. दमयंती दाराशी बसून ऐके. तिला अर्धं कळे, अर्धं नवऱ्याच्या चेहऱ्यावरून कळे. ऋतिका चुकीचं बोलली की विनीत सुधारी. सगळं घर त्या चिंचोळ्या जागेत येऊन बसे. सानवी तेवढी गप्प होती.

दिवस गेले. कॅलेंडरचं पान उलटलं. एका संध्याकाळी विनीत सांगत होता की लहानपणी त्याने शिळे बांगडे आणले तेव्हा आईने त्याला कल्ला बघायला कसं शिकवलं. सानवीने मान वर केली. बापाच्या बाहीला धरून ओढलं. मग हात उंच केला, बोटं सरळ, शाळेत करायला लावतात तसा, आणि म्हणाली,

"मे आय स्पीक, पप्पा?"

तोंडावर हात धरून विनीत कसाबसा म्हणाला, "बोल गो बाय. इचारायचं कनाला?"

पण सानवी लगेच बोलली नाही. तिने आधी दाराकडे बघितलं.

ते ऋतिकाने ओळखलं. ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली, कडी काढली, लॅच काढलं आणि दार सताड उघडून त्याला जेवणाच्या टेबलाची खुर्ची लावून ठेवली. जिना दिसत होता, समोरचं दार दिसत होतं, कोणीही येऊन ऐकावं असं ते घर उघडं झालं. मागे गॅलरीत आधी कुजबुज आली. मग ती वाढली. फाटकी, खरखरीत, न वापरलेली, पण कुजबुजीच्या वरची. सानवी बापाला सांगत होती की आजीने तिलाबी कल्ला दाखवला व्हता, पन पप्पांनी आणलेलं बांगडं नेहमी शिळंच असायचं, आजी हसायची, बोलायची नाय.

नलूकाकू भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. दारात थबकल्या. पोर आज कोणासारखं बोलतंय गं, त्यांनी ऋतिकाला विचारलं. ऋतिका उंबऱ्यात उभी होती. भिंतीवरचा चंदनाचा हार तिच्या मागे होता.

"आजीसारखं," ती म्हणाली. "आमची आजी मुकी नव्हती, काकू."